दुसरी-तिसरीच्या मुलांना समानार्थी शब्द कसे शिकवावेत?

प्रश्न एका दुसरीच्या वर्गशिक्षिकेचा आहे. वर्गात दर आठवड्याला दहा समानार्थी शब्दांची यादी देतात. मुलं ती पाठ करतात, शनिवारच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवतात. पंधरा दिवसांनी विचारलं तर निम्मे शब्द गेलेले असतात आणि मुलांच्या बोलण्यात किंवा लिहिण्यात त्यातला एकही शब्द येत नाही. काही मुलं तर 'सूर्य'ला समानार्थी शब्द म्हणून 'चंद्र' सांगतात. नेमकं काय बदलावं?

आधी यादी बंद करा. 'पाणी – जल, नीर, उदक, तोय' ही ओळ सात वर्षांच्या मुलासाठी पाढा असतो. त्या ओळीतला एकच शब्द त्याच्या ओळखीचा असतो. बाकीचे चार त्याने घरात, गल्लीत, दुकानात कुणाच्याच तोंडून ऐकलेले नसतात, म्हणून ते कुठल्याही वाक्याला किंवा प्रसंगाला चिकटत नाहीत. शिवाय हे सगळे शब्द अगदी सारखेच, असं यादी सुचवते. प्रत्यक्षात 'बाई, मला उदक प्यायचंय' असं कुणी म्हणत नाही. मूल तो शब्द वापरत नाही याचं कारण त्याचा भाषेचा कान शाबूत आहे. आपल्याला त्या कानाचाच उपयोग करून घ्यायचा आहे.

दुसरी गोष्ट वयाची. एका वस्तूला एकच नाव असतं, नवीन शब्द म्हणजे नवीन वस्तू, अशी लहान मुलांची स्वाभाविक समजूत असते आणि भाषा शिकताना ती त्यांच्या उपयोगी पडलेली असते. म्हणून 'वृक्ष' शिकवल्यावर बरीच मुलं तो शब्द वड-पिंपळासारख्या एखाद्या अवाढव्य झाडासाठी राखून ठेवतात. पहिलीत शिकवायचं ते एवढंच की एकाच गोष्टीला दोन नावं असू शकतात. त्यासाठी दोन्ही शब्द मुलांना आधीपासून माहीत असलेलेच घ्यावेत: बघणे-पाहणे, लपणे-दडणे, लहान-छोटा, दार-दरवाजा, दोस्त-मित्र. सगळं तोंडी, लिहिणं अजिबात नाही. दुसरीत एक ओळखीचा शब्द आणि त्याला जोडून एकच नवा. तिसरीत दोन नवे चालतात. आठवड्याला दुसरीत तीन जोड्या पुरेत, तिसरीत चार. आकडा लहान वाटेल, पण वर्षात तीस आठवडे जरी हाताशी आले तरी नव्वद जोड्या होतात आणि त्या टिकतात.

शब्द निवडताना तीन गोष्टी तपासा. हा शब्द येत्या महिन्याभरात मुलांच्या वाचनात किंवा ऐकण्यात येणार आहे का? त्यांच्या वयाच्या वाक्यात तो शोभतो का? त्याचा दुसरा एखादा अर्थ मुलांना आधीच पक्का माहीत आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर तो शब्द सरळ पुढच्या इयत्तेसाठी सोडा. सूर्य या अर्थी 'मित्र', पाणी या अर्थी 'जीवन', हात या अर्थी 'कर' हे शब्द तिसरीपर्यंत नकोत. दूध आणि पाणी असे दोन्ही अर्थ असलेला 'पय' तर नकोच नको.

इथे एक फसगत होते. नभ, गगन, पवन, नयन, वन, सदन, जल हे शब्द काना-मात्रा आणि जोडाक्षरांशिवाय लिहिता येतात, म्हणून पहिलीच्या वाचनपाठांत ते भरपूर दिसतात. मूल 'गगन' खडखडीत वाचतं आणि आपण समजतो की त्याला तो कळला. वाचता येणं आणि कळणं वेगवेगळं तपासा. 'वृक्ष', 'दृष्टी', 'मार्ग' यांचं उलटं आहे. अर्थ सोपा, लिहिणं अवघड. हे शब्द दुसरीच्या पहिल्या सत्रात फक्त तोंडी ठेवा, नाहीतर मुलाची सगळी शक्ती 'क्ष' आणि रफार काढण्यात जाते.

बहुतेक याद्यांमध्ये फक्त नामं असतात, आणि तीही तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशीच्या तशी आलेली. लहान मुलांसाठी क्रियापदं, विशेषणं आणि क्रियाविशेषणं कितीतरी सोयीची, कारण ती करून दाखवता येतात. फेकणे-भिरकावणे, शोधणे-हुडकणे, हळू-सावकाश, पटकन-झटकन, खूप-पुष्कळ, सुंदर-सुरेख. 'सावकाश चाला', 'हळू चाला' असं सांगून मुलांना वर्गात चालवलं की दोन्ही सूचनांना पाय एकच उत्तर देतात. मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तत्सम शब्दांसाठी सर्वात चांगलं साधन हजेरीपटात असतं. समीर, पवन, अनिल म्हणजे वारा. रवी, भास्कर, दिनकर, आदित्य म्हणजे सूर्य. निशा, रजनी म्हणजे रात्र. सरिता म्हणजे नदी, अवनी आणि वसुंधरा म्हणजे पृथ्वी, पंकज आणि नीरज म्हणजे कमळ. मुलांच्या पिढीत यातली थोडीच नावं सापडतील, पण आजी-आजोबांची नावं विचारून आणायला सांगितलं की कुसुम, सुमन, दिनकर नक्की मिळतात. ज्या शब्दाला वर्गातल्या पोराचा चेहरा किंवा कुणाची आजी जोडली गेली, तो शब्द सहसा पुसला जात नाही. मात्र अर्थ सांगताना मूल खजील होईल अशीही काही नावं असतात, आणि काही नावांना ठरलेला अर्थ नसतो. म्हणून एकेकाला उभं करून 'तुझ्या नावाचा अर्थ काय?' असं विचारू नका. तुम्हीच आधी पट पाहून चार-पाच नावं निवडा.

परिपाठ हे दुसरं साधन. मुलं रोज प्रतिज्ञेत 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' म्हणतात. 'बांधव' म्हणजे भाऊ, 'सारे' म्हणजे सगळे, शेवटच्या वाक्यातलं 'सौख्य' म्हणजे सुख. राष्ट्रगीतातल्या 'जलधितरंग'मध्ये 'जल' आहेच. हे शब्द पाठ आहेत, अर्थ तेवढा जोडायचा बाकी आहे.

आता आठवड्याची आखणी. साहित्य फार लागत नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर साधारण १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. अक्षर ५ सेंटिमीटरपेक्षा लहान काढू नका, शेवटच्या रांगेला दिसत नाही. दोन प्रकारच्या पट्ट्या करा: वाक्यपट्टी, जिच्यात एका शब्दाची जागा मोकळी ठेवलेली आहे, आणि त्या जागेवर ठेवायच्या शब्दपट्ट्या.

सोमवारी पूर्ण तासिका, साधारण ३५ मिनिटं. पहिली दहा मिनिटं फक्त गोळा करण्याची. चित्र किंवा वस्तू दाखवा आणि विचारा, 'याला तुमच्या घरी काय म्हणतात? आजी काय म्हणते?' येईल तो प्रत्येक शब्द फळ्यावर लिहा, बोलीतला असला तरी. पुढची दहा मिनिटं वाक्यपट्टी. ओळखीचा शब्द ठेवून वाक्य तीनदा वाचायचं, मग तो काढून नवा शब्द ठेवायचा, पुन्हा वाचायचं आणि विचारायचं, 'अर्थ बदलला का? कानाला बरं वाटतं का?' हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि दोन्ही विचारायचे. उरलेल्या वेळात जोडीजोडीने तोंडी वाक्यं. एकाने ओळखीचा शब्द घालून वाक्य बोलायचं, दुसऱ्याने तेच वाक्य नवा शब्द घालून.

मंगळवारी पाच मिनिटं उजळणी. पण ती 'झाड म्हणजे?' अशी विचारू नका. वाक्य बोला, एका शब्दावर टाळी वाजवा आणि तो बदलून वाक्य म्हणायला सांगा. गुरुवारी पुस्तकातल्या चालू पाठातलं एक वाक्य घेऊन तेच. शुक्रवारी मुलांनी वहीत दोन वाक्यं लिहायची, यादी नाही. त्यानंतर तो शब्द पुढच्या सोमवारी एकदा आणि साधारण तीन आठवड्यांनी आणखी एकदा अचानक विचारायचा. ही शेवटची उजळणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, आणि शब्द विसरण्याचं मुख्य कारण तेच असतं. आपण वर्गात बोलताना मुद्दाम ते शब्द वापरायलाही विसरू नका. 'दरवाजा लाव गं' आज, 'दार लाव गं' उद्या.

मराठीतली खरी अडचण पुढे आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. समानार्थी शब्दांचं लिंग बऱ्याचदा वेगळं असतं. ते झाड पण तो वृक्ष. ती बाग, तो बगीचा, ते उद्यान. ते दार, तो दरवाजा. तो रस्ता, ती वाट. ते पुस्तक, तो ग्रंथ. ती भीती, ते भय. 'हे झाड मोठं आहे' यात शब्द बदलला की 'हा वृक्ष मोठा आहे' असं होतं, म्हणजे एका शब्दामागे आणखी दोन शब्द बदलतात. मूल 'हे वृक्ष मोठं आहे' लिहितं, आपण लाल खूण करतो, आणि आपण शब्दच चुकीचा वापरला असं मुलाला वाटतं. पुढच्या वेळी ते जोखीम घेत नाही, 'झाड'च लिहितं.

यावर सोपा मार्ग आहे. ज्या वाक्यात त्या शब्दाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलेलं आहे, अशी वाक्यं आधी घ्या. 'त्या मोठ्या बागेत मुलं खेळतात', 'त्या मोठ्या बगीच्यात मुलं खेळतात', 'त्या मोठ्या उद्यानात मुलं खेळतात'. तिन्ही लिंगांत 'त्या मोठ्या' तसंच राहिलं. तसंच 'मोठ्या झाडाखाली', 'मोठ्या वृक्षाखाली'. अशा वाक्यात शब्द उचलून दुसरा ठेवला तरी बाकी काही हलत नाही. फक्त शब्दपट्टीवर मूळ शब्द न लिहिता 'बागेत', 'बगीच्यात', 'उद्यानात' अशी वापरातली रूपंच लिहा, म्हणजे सामान्यरूपाची वेगळी कसरत नको. पहिले दोन आठवडे याच प्रकारची वाक्यं. त्यानंतर शब्द कर्त्याच्या जागी आणा: 'ही बाग मोठी आहे', 'हा बगीचा मोठा आहे', 'हे उद्यान मोठं आहे'. या टप्प्यावर शब्दपट्ट्यांना रंग द्या. 'तो'चे शब्द निळ्या शाईने, 'ती'चे लाल, 'ते'चे हिरव्या. वाक्यातले 'हा-ही-हे' आणि 'मोठा-मोठी-मोठं' याच्याही पट्ट्या त्याच रंगांत करा. लाल शब्द काढून निळा ठेवला की बाकीचे लालही बदलायचे, हे मुलं व्याकरणाचा एक शब्द न ऐकता पकडतात. एवढं करून पुन्हा चूक झालीच तर वहीत शब्दाला बरोबर खूण द्या आणि 'हे'च्या जागी 'हा' लिहून द्या. शब्द वापरल्याचं श्रेय वेगळं, जुळवणीची दुरुस्ती वेगळी.

तिसरीत याच्या पुढे जाता येतं, ते म्हणजे शब्द कुठे चालत नाही हे शोधणं. 'रस्ता, वाट, मार्ग' हा त्यासाठी फार चांगला गट आहे. 'शाळेचा रस्ता', 'शाळेची वाट' दोन्ही ठीक. 'आई माझी वाट बघते' यात 'रस्ता' घालून पाहा, मुलं हसतात. 'पायवाट' म्हणतात, 'पायरस्ता' नाही. 'महामार्ग' म्हणतात, 'महावाट' नाही. हे सगळं मुलांना आधीच माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. तसंच 'राष्ट्रीय उद्यान' म्हणतात, 'राष्ट्रीय बाग' नाही. पण नाशिककडच्या मुलाला 'द्राक्षबाग' माहीत असते आणि तिला तो 'द्राक्षउद्यान' म्हणणार नाही. 'धावणे' आणि 'पळणे' मैदानावर सारखेच, पण 'चोर पळून गेला' आणि 'चोर धावून गेला' यांत चोराने केलेलं काम बदलतं. 'डोळा'ला 'नेत्र' समानार्थी, पण डोळे येतात, नेत्र येत नाहीत. उलट 'नेत्रदान' म्हणतात, 'डोळेदान' नाही. अशा प्रत्येक गटाची दोनच खणांची नोंद वहीत करून घ्या: 'दोन्ही चालतं' आणि 'एकच चालतं'. पाच वाक्यं झाली की थांबा. वाक्प्रचारातला शब्द बदलता येत नाही, हा नियम सांगू नका. 'तोंडाला पाणी सुटलं' आणि 'मुखाला जल सुटलं' एकामागून एक वाचून दाखवलं की तो नियम मुलांच्या तोंडून येतो.

काही शब्द सारखे वाटतात पण खरं तर पायऱ्या असतात: कोमट, गरम, कढत. किंवा रुसणे, चिडणे, संतापणे. यांना समानार्थी म्हणून शिकवू नका. दोरीवर चिमट्यांनी क्रमाने लावायला द्या. क्रमाबद्दल मुलांत वाद झाला तर होऊ द्या, त्यात शब्दांचं वजन कळतं. आड, विहीर, बारव यांचंही तसंच. आड अरुंद, बारवेला पायऱ्या. गावात यातलं जे असेल ते दाखवून फरक सांगणं चांगलं, 'तिन्ही समानार्थी' म्हणून मोकळं होणं वाईट.

आता चुका. 'सूर्य – चंद्र' ही चूक जवळजवळ नेहमी विरुद्धार्थी शब्दांशी झालेल्या गोंधळातून येते. दोन्ही प्रकार 'जोड्या' म्हणून शिकवले की मुलाला जोडी आठवते, जोडीतलं नातं आठवत नाही. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द एकाच आठवड्यात घेऊ नका, मध्ये किमान महिना जाऊ द्या. दुसरी चूक म्हणजे 'गाय – म्हैस', 'लाल – पिवळा'. मूल एकाच गटातला दुसरा शब्द देतं. अशा वेळी चित्रावर बोट ठेवायला लावा: 'एकाच चित्रावर दोन्ही नावं बसतात का, की बोट हलवावं लागतं?' बोट हललं की समानार्थी नाही. 'गुलाब – फूल' इथे बोट हलत नाही, म्हणून प्रश्न वेगळा विचारावा लागतो: 'प्रत्येक फुलाला गुलाब म्हणता येईल का?' काही मुलं अनेकवचन देतात, 'फूल – फुलं'. त्यांना 'एकच फूल दाखव आणि दोन्ही नावं सांग' एवढं पुरतं. 'पाणी – वॉटर' असं उत्तर आलं तर रागावू नका, मुलाला मूळ कल्पना कळलेली आहे. 'बरोबर, ते इंग्रजीतलं नाव. आता मराठीतलं दुसरं सांग', एवढंच.

बोलीतल्या शब्दांबद्दल ठाम मत आहे. ते समानार्थी शब्दच आहेत आणि फळ्यावर त्यांची जागा पहिली. विदर्भातलं मूल शेताला वावर म्हणतं, मालवणीत मुलगा म्हणजे झील आणि मुलगी म्हणजे चेडू. हे शब्द 'अशुद्ध' म्हणून पुसले तर मुलाकडचं भांडवलच आपण काढून घेतो. ओळ अशी बांधा: घरचा शब्द, मग पुस्तकातला, आणि तिसरीत गेल्यावर कवितेतला. वावर, शेत, क्षेत्र असं मात्र करू नका, कारण 'क्षेत्र' त्या वयाच्या वाक्यात शेत या अर्थी येत नाही. एक सावधगिरी: पुण्याकडे पोळी आणि चपाती एकच, पण अनेक भागांत पोळी म्हटलं की पुरणाचीच. तुमच्या गावात काय म्हणतात ते आधी विचारा आणि त्यानुसार ठरवा. ज्या मुलांची घरची भाषा कोरकू, गोंडी किंवा भिली आहे, त्यांच्यासाठी घरचा शब्द आणि मराठी शब्द ही पहिली जोडी. तिथे वर्षभर तिसरा शब्द आणायची घाई करू नका.

भिंतीवर शब्द लावणार असाल तर एका वेळी बारापेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक शब्दाबरोबर एक वाक्य हवं. ज्या शब्दाकडे कुणी पाहत नाही तो काढा.

चाचणी बदलली नाही तर वरचं सगळं वाया जाईल, कारण मुलं आणि पालक चाचणीचाच अभ्यास करतात. 'सूर्य = ____' ऐवजी पाच वाक्यं द्या, प्रत्येकात एक शब्द अधोरेखित, तो बदलून वाक्य पुन्हा लिहायचं. दुसरीत निम्मी परीक्षा तोंडी घ्या. अधूनमधून एक प्रश्न असा ठेवा: तीन शब्दांतून वेगळा शोधा आणि का वेगळा ते सांगा. उदाहरणार्थ, वारा, पवन, ढग. शिष्यवृत्ती परीक्षेतही गटात न बसणारा शब्द ओळखायला लावतात, आणि तिथे चारही पर्याय पाहिलेले असून उपयोग नसतो, अर्थ कळलेला लागतो. पालक यादीसाठी आग्रह धरतील, त्यांना त्या आठवड्याच्या तीन जोड्या आणि त्यांची तीन वाक्यं लिहून द्या. घरी पाठ करून घेऊ नका, जेवताना त्या शब्दाने एक वाक्य बोला, असं सांगा. ज्या घरात लिहिता-वाचता येत नाही तिथेही हे जमतं, आणि आजीकडचा एखादा जुना शब्द दुसऱ्या दिवशी वर्गात येतो. तो आला की त्याच सोमवारच्या फळ्यावर जोडून घ्या.